तोंडी आज्ञा

कातरबाई हे नाव त्यांच्या शिवणकामावरून पडलं असेल, असं नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं. जुनी गिऱ्हाइकं यावर हसायची. नाव पडलं होतं ते जिभेवरून. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पस्तीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश, शर्ट, फ्रॉक आणि पडदे शिवले, मागच्या खोलीत संसार केला, आणि दोन्हीकडे तोंडाचा पट्टा अखंड चालू ठेवला. एखादी बाई पोट आत ओढून माप द्यायला उभी राहिली की त्या म्हणायच्या, "श्वास सोडा बाई. कपडा तुम्ही घालणार आहात, तुमची इच्छा नाही." कुणी घाई केली की ठरलेलं उत्तर, "गुरुवारी मिळेल. बुधवारी येऊन डोक्यावर उभं राहिलात तर शुक्रवारी." लोक चिडायचे, पण कपडा असा अंगाबरोबर बसायचा की पुढच्या खेपेला निमूट परत यायचे.

बासष्टाव्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. शर्टाचं सगळ्यात वरचं बटण येतं त्या जागी, गळ्याच्या तळाशी, श्वासासाठी एक भोक कायमचं राहिलं. घरी आल्याबरोबर त्यांनी मऊ सुती कापडाचे बारा गळपट्टे शिवले, आणि भेटायला आलेल्या पहिल्याच शेजारणीला पाटीवर शिंप्याच्या खडूने लिहून दाखवलं: "काज पाडलंय, बटण लावायचं विसरले." शेजारीण पदर तोंडाला लावून रडायला लागली. कातरबाईंना तिचा असा राग आला की त्यांनी पाटी पुसून उलटी ठेवली.

राग येण्यासारखं पुढे बरंच काही झालं. आवाज त्यांचा गेला होता, पण लोक त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले, एकेक शब्द तोडून, जणू कान आणि अक्कलही त्याच शस्त्रक्रियेत काढून घेतली होती. काही जण तर त्या समोर बसलेल्या असताना मुलीला विचारायचे, "जेवतात का हल्ली?" गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली. "तुम्हाला कशाला त्रास," असं म्हणायची. डॉक्टरांनी एक यंत्र दिलं होतं. गळ्याला लावून ओठ हलवले की डब्यात माशी अडकावी तसा आवाज यायचा. चार दिवस वापरून कातरबाईंनी ते मोडक्या चेनींच्या खणात टाकून दिलं. स्वतःच्या तोंडातून परक्याचा आवाज काढण्यापेक्षा गप्प बसणं बरं, असं त्यांचं मत झालं, आणि त्यांचं मत एकदा झालं की झालं.

मुलगी दर रविवारी यायची. वय अडतीस, बँकेत नोकरी, आईसारखंच नाक आणि आईच्या अगदी उलट हळू बोलणं.

"आई, तू आमच्याकडे चल," ती म्हणायची. "इथे पाय घसरून पडलीस तर हाक कशी मारशील?"

"भांडं आपटेन," आईने पाटीवर लिहिलं.

"आणि बेशुद्ध पडलीस तर?"

"मग आवाज असता तरी काय दिवे लावले असते?"

मुलगी उठून भांडी घासायला लागायची. आईशी भांडणात हरली की भांडी घासायची, ही तिची लहानपणापासूनची रीत.

अशात एका मंगळवारी कातरबाई समोरच्या कापडवाल्याकडे अस्तराचं कापड आणायला गेल्या. त्याच्या गोदामात गठ्ठ्यांच्या मागे एका भटक्या कुत्रीने पिल्लं घातली होती. पाच पिल्लं लोकांनी नेली. सहावी, तपकिरी रंगाची, पुढचा एक पाय पांढरा असलेली, उरली होती.

"हिला कोणी नेत नाही," कापडवाला म्हणाला. "हात लावला की चावते. कोणाचं म्हणून ऐकत नाही."

कातरबाईंनी हात पुढे केला. पिल्लाने बोटात दात रुतवले. त्यांनी बोट काढून घेतलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. जरा वेळाने पिल्लाला चावण्याचा कंटाळा आला. दुपारी त्या परत आल्या तेव्हा पिशवीत खाली अस्तर होतं आणि वर पिल्लू.

रविवारी मुलगी दारातच थबकली. "आई, हे काय? कुत्रं सांभाळायचं म्हणजे ओरडावं लागतं. तू काय करणार?"

"नाव ठेवलंय. टाचणी," आईने लिहिलं.

"अगं पण तू हाक मारू शकत नाहीस, तर नाव कशाला?"

"तुझ्यासाठी. तू तिला काय म्हणणार, अहो?"

मुलीच्या ओठांच्या कडा हलल्या, पण ती हसली नाही.

हसण्याच्या मनःस्थितीत नसलेला आणखी एक माणूस पहिल्या मजल्यावर राहत होता. तो इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता. जे कागदावर आहे तेवढंच जगात आहे अशी त्याची श्रद्धा होती, इतकंच. बुधवारी तो नियमांची फाईल काखोटीला मारून आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून ओरडला, "बाई, नियम, अकरावा! पाळीव प्राणी! मालकाच्या! तोंडी आज्ञेत असावा!"

कातरबाईंनी लिहिलं, "मला ऐकू येतं."

तो ओशाळला. आवाज खाली आणून म्हणाला, "नाही, म्हणजे तसं नव्हे. पण नियम आहे ना. बस म्हटलं की बसलं पाहिजे, ये म्हटलं की आलं पाहिजे. आणि तुमच्या बाबतीत... आता मी काय सांगू. महिनाभर बघू. जमलं तर ठीक."

"नाहीतर?"

"नाहीतर प्राणी हलवावा लागेल."

तो गेल्यावर कातरबाई बराच वेळ पाटी मांडीवर घेऊन बसल्या. टाचणी त्यांच्या चपलेचा पट्टा चघळत होती. पूर्वीच्या कातरबाई असत्या तर सेक्रेटरी जिना चढून घरी पोचेपर्यंत त्यांनी त्याच्या सात पिढ्यांची मापं काढली असती. आता सगळं आतच साचत होतं, आणि साचलेल्या रागाला काहीतरी काम द्यायला हवं होतं.

शनिवारी सकाळी मैदानावर एक ट्रेनर कुत्र्यांचा वर्ग घ्यायचा. कातरबाई टाचणीला घेऊन गेल्या. ट्रेनर गळ्यात शिट्टी अडकवलेला, छातीचा भरदार. सुरुवातीलाच त्याने सगळ्यांना सांगितलं, "पहिली गोष्ट आवाज. आवाजात जरब पाहिजे. कुत्रं शब्द ओळखत नाही, हुकूम ओळखतं." मग त्याची नजर पाटीकडे गेली. त्याने वाचलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"मावशी, घरातल्या दुसऱ्या कोणाला पाठवता येईल का?"

"घरात मी आणि ही."

"मग अवघड आहे. खरं सांगतो, तुमचा वेळ वाया जाईल. कुत्र्याला समजणार कसं?"

कातरबाई घरी मात्र गेल्या नाहीत. कडेच्या बाकावर बसून त्यांनी अख्खा वर्ग पाहिला, एखाद्या शिवलेल्या कपड्याची उलटी बाजू पाहावी तसा. एका काळ्या कुत्र्याला ट्रेनर 'बस' म्हणून ओरडत होता. एकदा, दोनदा, चारदा. पाचव्यांदा ओरडताना त्याचा बिस्किटाचा हात सहज वर गेला. कुत्र्याचं नाक हातामागे वर गेलं आणि ढुंगण आपोआप जमिनीला टेकलं. "शाब्बास, ऐकलं," ट्रेनर म्हणाला.

ऐकलं कुठे? बघितलं. वर्ग संपेपर्यंत कातरबाईंनी हे आठही कुत्र्यांत पाहिलं. माणसं तोंडाने घसा फोडत होती आणि कुत्री त्यांच्या हाताकडे, खांद्याकडे, पायांकडे बघून काय ते समजून घेत होती. आणि हात तर कातरबाईंचे शाबूत होते. पस्तीस वर्षं सुईत दोरा ओवलेले, रेघ न आखता सरळ कापड कापणारे.

त्याच दिवशी त्यांनी काम सुरू केलं. उकडलेल्या चिकनचे बटणाएवढे तुकडे केले. पुढच्या खोलीतल्या चिंध्या झाडून जागा मोकळी केली. डाव्या हाताच्या बोटात लोखंडी अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ते टोपण, चढवलं आणि मशीनच्या पायावर दोनदा वाजवलं. टक टक. टाचणीने वर पाहिलं. तुकडा मिळाला. दिवसभरात पन्नास वेळा टक टक, पन्नास वेळा नजर, पन्नास तुकडे. दुसरं काहीच नाही. आधी बघायला शिकव, मग काय बघायचं ते शिकव, असा त्यांचा हिशेब.

मग 'बस'. तळवा वर, तुकडा नाकावरून मागे. पहिल्या दिवशी टाचणीने उड्या मारल्या, मनगट ओरबाडलं, तुकडा हिसकावला. तिसऱ्या दिवशी चुकून बसली. चौथ्या दिवशी चूक कमी आणि बसणं जास्त झालं. 'थांब'ला तळवा समोर आडवा. एक पाऊल मागे, परत येऊन तुकडा. दोन पावलं मागे. तीनला ती उठायची. मग पुन्हा एकपासून. 'ये'ला हात छातीशी. आणि प्रत्येक वेळी, हाताबरोबर, कातरबाईंचे ओठही हलायचे. बस. थांब. ये. बोलण्याची सवय साठ वर्षांची, सहा महिन्यांत थोडीच मोडते.

सगळं काही सुरळीत चाललं होतं असं नाही. दुसऱ्या आठवड्यात टाचणीने मापाची टेप खाल्ली. दीड मीटरच्या टेपचा हातभर तुकडा उरला. दोन दिवसांनी शाळेच्या एका स्कर्टची दुमड उसवून ठेवली. तेव्हा मात्र कातरबाईंचा तोल गेला. ओरडता येईना म्हणून हातातलं रीळ त्यांनी भिरकावलं. लागलं नाही, पण टाचणी जी मशीनखाली शिरली ती बाहेर येईना. टक टक केलं, तुकडा दाखवला. भिंतीला चिकटून बसलेली, कान पाडलेले.

कातरबाई खाली वाकून बघत होत्या आणि त्यांना तिथे दुसरंच कोणीतरी दिसलं. पाच-सहा वर्षांची एक मुलगी, त्याच जागी, गुडघ्यांत डोकं घालून. त्यांची मुलगी अशीच मशीनखाली जाऊन बसायची, त्यांची जीभ चालली की. तेव्हा कामाची घाई असायची, आणि मशीनखाली बसलेलं मूल त्यांना सोयीचं वाटायचं. पायात पायात येत नाही म्हणून.

त्या जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. एक तास काही केलं नाही, हातही पुढे केला नाही. तासाभराने एक ओलं नाक त्यांच्या पोटरीला लागलं.

त्या रविवारी त्यांनी मुलीला लिहून विचारलं, "तू मशीनखाली बसायचीस. आठवतं?"

मुलीने पाटी जवळ ओढली. "आठवतं. तू ओरडायचीस आणि मी तिथून तुझे पाय बघायचे. पाय चालायचे थांबले की कळायचं, राग गेला."

कातरबाईंनी खडू उचलला, ठेवला, परत उचलला. शेवटी लिहिलं, "चूक माझी." त्या दिवशी मुलगी भांडी घासायला उठली नाही, बसून राहिली.

तिसऱ्या आठवड्यात ते घडलं. सकाळी फाटकाशी पट्टा बांधताना टाचणीला मांजर दिसलं आणि ती सुटली, फाटकाबाहेर, थेट रस्त्यावर. कातरबाईंनी तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा शिट्टीसारखी बाहेर पडली. अंगुस्तान फाटकावर आपटलं, पण ट्रक आणि स्कूटरच्या आवाजात ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. एका स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक दाबला, शिव्या दिल्या. मांजर भिंतीवरून पसार झालं. आणि टाचणी, रस्त्याच्या पलीकडे पोचलेली, थांबली आणि वळून बघायला लागली. आवाजावर वाढलेल्या कुत्र्याला मागे बघायची गरज नसते, हाक येईल हे त्याला माहीत असतं. हिला हाक कधी आलीच नव्हती. दहा पावलं झाली की बाईंकडे बघायचं, हे तिच्या हाडीमांसी भिनलं होतं.

कातरबाईंनी तळवा वर केला. टाचणी पलीकडच्या फुटपाथवर बसली. मग तळवा आडवा केला. थांब. एक ट्रक गेला, मागून बस गेली. प्रत्येक वेळी गाडी पुढून गेली की टाचणी दिसेनाशी व्हायची आणि परत दिसायची, तिथेच बसलेली. कातरबाईंनी तिला बोलावलं नाही. स्वतः रस्ता ओलांडून गेल्या आणि तिच्या शेजारी फुटपाथवर फतकल मारून बसल्या.

सेक्रेटरी गॅलरीत दात घासत होता. त्याने सुरुवात पाहिली, शेवट पाहायला तो थांबला नाही. दुपारी दारावर चिठ्ठी आली: प्राणी रस्त्यावर पळाला, मालकाला हाक मारता आली नाही, सबब रविवारी सकाळी समितीसमोर चाचणी.

रविवारी अंगणात सेक्रेटरी, फाईल, आणि समितीचे दोन सभासद, तिसऱ्या मजल्यावरची औषधांच्या दुकानातली म्हातारी आणि एक जांभया देणारे निवृत्त मास्तर. मुलगीही आली होती. तिने आईच्या कानाशी तोंड नेलं. "आई, मी तोंडाने सांगते, तू मागून हात कर. कोणाला कळणार नाही."

कातरबाईंनी तिचा खांदा धरून तिला बाजूला केलं.

त्यांनी तळवा वर करताच सेक्रेटरी म्हणाला, "माफ करा बाई, हातवारे नाही चालणार. नियमात तोंडी आहे. मी वैयक्तिक काही म्हणत नाही, कागद म्हणतोय."

कातरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटांत बोटं अडकवली आणि मान खाली करून ओठ हलवले. बस.

टाचणीने डोकं तिरकं केलं. कातरबाईंनी परत सांगितलं नाही. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायचं नाही, हा त्यांचा धंद्यातलाही नियम. मास्तरांची जांभई अर्ध्यात राहिली. टाचणीने त्यांच्या ओठांकडे पाहिलं, पाठीमागे गेलेल्या हातांचा अंदाज घेतला, पुन्हा ओठांकडे पाहिलं, आणि सावकाश बसली.

थांब, ओठ म्हणाले. कातरबाई पाठ फिरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकापाशी गेल्या आणि वळल्या. ती तिथेच होती. भुवई थोडी हलली असेल बाईंची, पण भुवयांबद्दल नियमात काही नव्हतं.

"पण आवाज..." सेक्रेटरी म्हणाला.

कातरबाईंनी पाटी घेतली. "तोंडी म्हणजे तोंडाने. आवाजाने असं कुठे लिहिलंय, दाखवा."

त्याने फाईल उघडली. अकरावा नियम वाचला, मग दहावा आणि बारावाही वाचला. म्हातारी खुदखुदली. "अहो, सापडणार नाही ते. नियम लिहिला तेव्हा मी होते समितीत."

"ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाला. "आता बोलवा तिला."

ये, ओठ म्हणाले. टाचणी उठली आणि सरळ सेक्रेटरीकडे गेली. त्याच्या बुटाची नाडी तिला केव्हाची खुणावत होती. ती तिने धरली आणि ओढली. कातरबाईंनी अंगुस्तान फाटकावर वाजवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टाचणीने नाडी सोडली आणि शेपटी हलवत आली.

"पाहिलंत, येत नाही लगेच," सेक्रेटरी म्हणाला.

"ती तीन महिन्यांची आहे," कातरबाईंनी लिहिलं. "माझी मुलगी अडतीस वर्षांची आहे. तीही पहिल्या हाकेला येत नाही. तिलाही हलवायचं का?"

मुलगी फस्सकन हसली. तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली. मास्तरही हसले. सेक्रेटरीने फाईल मिटली. "आम्ही विचार करून कळवू."

"जरूर कळवा," असं लिहून कातरबाईंनी पाटी त्याच्या हातातच दिली, म्हणजे खाली लिहिलेली ओळ त्याला नीट वाचता यावी. "माझा पत्ता हाच राहील. तिचाही."

दोन आठवड्यांनी पत्र आलं. प्राणी ठेवण्यास तात्पुरती परवानगी. कातरबाईंनी 'तात्पुरती' या शब्दावर लाल खडूची फुली मारली आणि पत्र पहिल्या मजल्यावर परत सरकवलं. त्यावर पुढे कोणी काही बोललं नाही. दुकानाच्या दारावर त्यांनी नवी पाटी टांगली: "बोलत नाही. ऐकते उत्तम. माझ्याशी ओरडून बोलल्यास कपडा घट्ट होईल." पहिल्या आठवड्यात तीन जुनी गिऱ्हाइकं परत आली, आणि एक नवीन, नुसती पाटी वाचून.

मुलीने आमच्याकडे चल हे म्हणणं सोडलं नाही, पण आता ती महिन्यातून एकदाच म्हणते, आणि तेही निघता निघता. मागच्या रविवारी तर ती वेगळंच म्हणाली. टाचणी तिची नवी चप्पल तोंडात धरून कपाटाखाली शिरली होती.

"आई, सोड कसं सांगायचं, मला शिकव."

कातरबाईंनी मूठ करून दाखवली, मग बोटं हळूच उघडली. मुलगी कपाटासमोर पालथी झाली आणि म्हणाली, "टाचणी, सोड. सोड म्हटलं ना. सोड गं."

कातरबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. मुलगी गप्प झाली. मूठ पुढे करून तिने बोटं उघडली, ओठ नुसते हलवले. कपाटाखालून चप्पल चघळल्याचा आवाज येतच राहिला. तिने वळून आईकडे पाहिलं.

आई शेजारी जमिनीवर बसली होती. तिने बोट हवेत गोल फिरवलं. पुन्हा.